झाकलेले दाते



कामगार संघटनेच्या माणसाने सायकलच्या शर्यतीवर काय बोलावयाचे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात व कारखान्याच्या फाटकावर अधिक झाले. परंतु सायकलशी आमचा संबंध जुना आहे. या जुन्या शहरातून मोर्णा ओलांडून रात्रपाळीला आम्ही सायकलनेच जात असू. ब्रेक धड आहे की नाही, हे अंधारात समोर म्हैस आली म्हणजे कळत असे!

आजची सायकल मात्र निराळी आहे. तिला रिकंबंट म्हणतात. आरामखुर्चीत बसावे तसा स्वार पाठ टेकून, पाय पुढे करून बसतो. वाऱ्याचा अडथळा कमी होतो म्हणून ती वेगाने जाते. १९३३ साली शार्ल मोशे यांनी बनविलेल्या अशा सायकलवर फ्रान्सिस फोर या फ्रेंच स्वाराने तासाभरात ४५ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले आणि १९१४ चा विक्रम मोडला. फोर हा काही पहिल्या दर्जाचा स्वार मानला जात नव्हता. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघाने ही सायकलच नियमाबाहेर काढली. सगळेच नियम सुरक्षिततेसाठी होत नाहीत, हे आम्हांस संघटनेच्या कामातही दिसले आहे.

तिच्या शर्यती वेगळ्या भरतात, आणि त्यांतला एक नियम आमच्या मनात रुतून बसला. या सायकलीचे पायडल आणि दातेरी चक्र अगदी पुढे, नाकाडावर असते. दोन सायकली भिडल्या तर ते दाते दुसऱ्याच्या मांडीत जावयाचे. म्हणून ते चक्र झाकलेले असावे, अशी अट घालतात. चालवणारा कितीही सावध असो, दाते उघडे नकोत.

आमच्या तरुणपणी एका जिनिंगमध्ये पट्ट्यावरची जाळी दुरुस्तीसाठी काढली, ती पुन्हा बसवलीच नाही. आमच्या सोबत्याची दोन बोटे गेली. कागदावर लिहिले गेले, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. तेव्हा १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट लागू होता. त्याच्या २१ व्या कलमात यंत्राचे धोक्याचे भाग झाकून ठेवण्यास सांगितलेले होते. ते कलम आम्ही पुढे पाठ केले. बोटे मात्र आधीच गेली होती.

आता तयारीचे पाहू. या सायकलीची चेन साध्या सायकलीच्या दुपटीहून लांब असते आणि कप्पीवरून जाते. तिची कडी न् कडी पाहावी लागते. पुढची नळी स्वाराच्या पायाच्या मापाने मागेपुढे सरकते. तिचा बोल्ट सैल राहिला तर जोर लावताच ती वळते. ब्रेक दोन हवेत, आणि एक तुटला तरी दुसरा चालला पाहिजे. हँडलच्या नळीचे तोंड बुचाने बंद हवे, नाही तर पडताना ते पोटात घुसते. डोक्याला हेल्मेट हवेच. टेकून बसल्याने मागे वळून पाहणे कठीण, म्हणून आरसा. ही कामे आदल्या दिवशी करावीत आणि थोडे चालवून पाहावे. सकाळी घाईने आवळलेला बोल्ट शर्यतीतच सैल होतो.

आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरांची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. त्या शर्यतीत रिकंबंटलाही वेगळा वर्ग आहे. तेथे रात्री स्वाराने आपल्या मागच्या मोटारीच्या उजेडातच चालवावयाचे असते. मोटार थांबली की त्यानेही थांबावयाचे, मग पाय कितीही सळसळोत. रात्रपाळीच्या माणसामागे असा दिवा कोणी धरला नाही, हा आमचा विचार अस्थानी असेल. पण आला खरा.

पावसाळ्यानंतर जुन्या शहरातली काही मुले साध्या सायकलींची शर्यत भरवू म्हणतात. त्यांनी आम्हांस बक्षिसे वाटण्यास बोलावले. आम्ही म्हटले, बक्षिसे कोणीही वाटील, आम्हांस सुटण्याच्या जागी पाना घेऊन उभे राहू द्या. ब्रेक तपासण्याचे काम त्या आमच्या सोबत्याने पत्करले आहे. ज्याचा ब्रेक लागणार नाही तो कोणाचाही मुलगा असो, सुटणार नाही, असे त्याने आत्ताच सांगून ठेवले आहे.