कन्या आणि तारण



तुम्ही अक्षरे शिकलात. आता काहीजण म्हणतात, "गुरुजी, वाचता येते, पण समजत नाही." खरे आहे. आपण घरात अहिराणी बोलतो. पुस्तक मराठीत असते. घरी आंडेर, पुस्तकात मुलगी. घरी बठा, पुस्तकात सगळे. म्हणजे वाचता वाचता आपण दुसरी बोलीच शिकत असतो.

मीही असाच शिकलो. लहानपणी पुस्तकात वाचले, 'राजाला एक कन्या होती.' आपल्याकडे 'ण'चा 'न' होतो. ज्वारीच्या कण्यांना आम्ही कन्याच म्हणायचो. मला वाटले, राजाच्या घरी खायला नुसत्या कण्या उरल्या! बिचारा राजा. पुढे वाचले, 'ती मोठी झाली. राजाने तिचे लग्न ठरवले.' आता कण्यांचे लग्न कोण लावील? तेव्हा उमजले, कन्या म्हणजे आंडेर. मास्तरांना विचारावेच लागले नाही. पुढच्या ओळीनेच सांगितले.

म्हणून गोष्ट वाचताना शब्द अडला तर थांबू नका. पुढे चला. एखादा खडा लागला तर तो काढून आपण जेवतोच ना? मात्र घासाघासाला खडा लागत असेल, तर ते पुस्तक ठेवून द्या. सोपे घ्या. त्यात लाज कसली?

आणि रोज वाचा. बाजारात एकदा भेटलेला माणूस लक्षात राहत नाही. चार बाजारी भेटला की लांबूनच ओळखू येतो. शब्दाचेही तसेच. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतः हाताने लिहून काढीत. पोरांना रोज ताजे वाचायला मिळे.

पण एक सांगतो. गोष्टीचे पुस्तक वेगळे आणि कर्जाचा कागद वेगळा.

माझ्या काकांना वाचता येत होते. कर्ज काढताना कागद त्यांनी स्वतः वाचला. त्यात लिहिले होते, 'जमीन तारण.' काका भजनातले. देव तारतो, हे त्यांना ठाऊक. त्यांना वाटले, पीक बुडाले तरी जमीन तरेल. त्यांनी सही केली. तारण म्हणजे कर्ज फिटेपर्यंत अडकवून ठेवलेली वस्तू. कर्ज फिटले नाही. विहिरीजवळचे वावर गेले.

गोष्टीत अंदाज चुकला तर पुढची ओळ आपल्याला सावरते. कागदावर सहीच्या पुढे ओळ नसते. तिथे अंदाज करू नका, दोघांना विचारा.

पुढे काका कसलाही कागद आला की चष्मा लावून बसत. शब्दावर बोट ठेवीत आणि मला हाक मारीत, "पोऱ्या, या शब्दना अर्थ काय शे?"