चित्रफीत जोडताना संगणक का अडतो?

(मढ येथे शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय रूक्ष आहे, परंतु तुमच्या-आमच्या कामाचा आहे. २०२० साली शाळांना कुलूप लागले तेव्हा खेड्यापाड्यांतील कित्येक शिक्षकांनी प्रथमच मोबाईलवर स्वतःचे पाठ टिपले. पुढे २०२३-२४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शिक्षकांसाठी शैक्षणिक व्हिडिओ निर्मितीची स्पर्धाही घेतली. या उद्योगात पुष्कळांनी हात घातला आणि पुष्कळांनी तो सोडूनही दिला. नाणेघाटातील लेखातल्या ब्राह्मी अंकांवर तुम्ही पाठ करावा, तीन तास बसून तुकडे जोडावेत, शेवटचे बटण दाबावे आणि पडदा गोठून सारे नाहीसे व्हावे! असे दोनदा झाले की कोण पुन्हा बसेल? मग आपली मुले कुठल्याशा मोठ्या शहरातील शिकवणीचा पाठ पाहतात, आणि त्यात त्यांच्याच तालुक्यातील नाणेघाटाचे नावही नसते.

संगणक नवा घ्यावयास निघण्यापूर्वी थोडा हिशेब करा. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे एक चित्र म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. सेकंदाला २५ चित्रे धरली तर दहा मिनिटांच्या पाठात १५ हजार चित्रे होतात. प्रत्येक चित्रावर शीर्षक, रंग, आवाज बसविण्यास सेकंदाचा पाचवा भाग लागला तरी ३००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटे गेली. संथपणा हा नेहमीच बिघाड नव्हे. ‘फोर-के’ चित्रणात ठिपके चौपट होतात. ज्या विद्यार्थ्याने पाठ तळहाताएवढ्या मोबाईलवर पाहावयाचा, त्याच्यासाठी हा खटाटोप कशाला?

दुसरी गोष्ट, मोबाईल प्रत्येक चित्र पूर्ण साठवीत नाही. समजा, पटावर पहिल्या तारखेला सर्वांची नावे लिहिली आणि पुढे रोज फक्त कोण आले, कोण गेले एवढेच टिपले. आता २९ तारखेची हजेरी सांगावयाची तर पहिल्यापासून वाचत यावे लागेल. संगणकाचे नेमके असेच होते. तुम्ही मधल्या एका क्षणावर बोट ठेवता आणि तो मागची सारी पाने उलटीत बसतो. ‘एच.२६५’ पद्धतीत ही आकडेमोड आणखी किचकट असते. जुन्या संगणकासाठी कॅमेऱ्यात ‘एच.२६४’ निवडलेले बरे. शॉटकट व केडेनलाइव्ह या दोन्ही मोफत प्रणालींत ‘प्रॉक्सी’ची सोय आहे. काम हलक्या प्रतीवर करावयाचे, अंतिम पाठ मात्र मूळ चित्रणातूनच निघतो.

काही मोबाईल उजेड कमी झाला की सेकंदाला घ्यावयाची चित्रे गुपचूप कमी करतात. मग ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. असे चित्रण आधी हँडब्रेकमधून एकसारख्या गतीचे करून घ्यावे.

आता प्रणाली बंद पडते त्याविषयी. प्रथम पाहा, ती दरवेळी एकाच जागी बंद पडते काय? तसे असेल तर दोष त्या जागीच्या तुकड्यात, अक्षरवळणात किंवा परिणामात आहे. अर्धा पाठ काढून पाहा, मग त्याचा अर्धा, चोर सापडतोच. जागा दरवेळी बदलत असेल तर स्मृती कमी पडते आहे, डिस्क भरली आहे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडला आहे किंवा यंत्र तापले आहे. ग्राफिक्स कार्डाची मदत बंद करून पाठ बाहेर काढा. निघाला तर संशय ड्रायव्हरवर. लॅपटॉप गादीवर ठेवून काम करणाऱ्यांनी तापण्याची तक्रार करू नये. आणि बॅटरीवर चालविताना बरेच लॅपटॉप आपली गती स्वतःच कमी करतात, तेव्हा वीज असेल ती वेळ रेंडरिंगला द्यावी. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून पाठ तीन-तीन मिनिटांच्या भागांत काढून शेवटी जोडावा. गेलाच तर एक भाग जाईल.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकांसाठी एक सांगतो. काही प्रणालींत उर्दू अक्षरे सुटी पडतात, उलटीही होतात. आपली मराठी जोडाक्षरेही तुटतात. प्रीमियरमध्ये दक्षिण आशियाई व मध्यपूर्वेकडील लिप्यांची निवड वेगळी करावी लागते. अन्यत्र शीर्षक चित्र म्हणून तयार करून चिकटविणे हाच सोपा उपाय.

जतन करण्याबाबत मात्र कठोर असावे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांचीही रिळे जळाली. ज्यांच्या प्रती आधी दुसरीकडे उतरविल्या होत्या तेच वाचले. आपल्याकडे तर आगीचीही गरज नसते, हरवलेला पेनड्राइव्ह पुरतो. प्रकल्पाच्या फाईलमध्ये चित्रण नसते, ते कोठे ठेवले आहे त्याचा पत्ता तेवढा असतो. म्हणून मूळ चित्रण आणि प्रकल्प एकाच फोल्डरमध्ये ठेवावेत व त्या संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.

एवढे करूनही अडले आणि संस्थेने थोडा पैसा दिलाच, तर प्रथम जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी, मग स्मृती ८ ची १६ जीबी करावी. नव्या संगणकाचा विचार त्यानंतर.