ठाण्याची खाडी आणि लोहमार्ग



१६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं ३ वाजून ३५ मिनिटांनीं बोरीबंदराहून एक आगगाडी सुटली. साहिब, सिंध व सुलतान हीं तीन एंजिनें, १४ डबे आणि सुमारें ४०० निमंत्रित उतारू असा तो सरंजाम ५७ मिनिटांत ठाण्यास पोंचला. हिंदुस्थानांतील उतारूंच्या आगगाडीचा इतिहास येथून सुरू होतो, हें शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतें. परंतु ठाणें हें साष्टी बेटाच्या पूर्व कडेला वसलेलें गांव. म्हणजे ती गाडी एका बेटावरून निघाली आणि दुसऱ्या बेटावर थांबली. मुख्य भूमीला तिचें चाक लागलेंच नव्हतें.

वस्तुतः ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा १८४९ सालचा करार केवळ एका प्रायोगिक मार्गाचा होता. नाना शंकरशेट, जमशेटजी जिजीभाई प्रभृति धुरीणांची दृष्टि मात्र घाटावर होती. खानदेश-वऱ्हाडचा कापूस तेव्हां बैलांच्या पाठीवरून घाट उतरे. वाटेंत पाऊस गांठी, माल भिजे, चाऱ्यापाण्यावांचून जनावरें मरत. एकवीस मैलांच्या रुळांनीं ह्यांतलें कांहींच टळणार नव्हतें. त्याकरितां ठाण्याची खाडी ओलांडणें भाग होतें.

मुख्य अभियंता जेम्स बर्कले ह्यानें खाडीवर दगडी कमानींचा पूल बांधविला. पलीकडे पारसिकचा डोंगर थेट पाण्यापर्यंत आलेला. त्याच्या कडेनें मुंब्र्याकडे वळतांना दोन लहान बोगदे खणावे लागले. १ मे १८५४ रोजीं कल्याणपर्यंत वाहतूक सुरू झाली. अंतर सुमारें बारा मैलांचें, पण मुंबईची आणि मुख्य भूमीची गांठ ह्याच तुकड्यानें घातली.

कल्याण हें प्राचीन बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत तेथील व्यापारी दाते म्हणून भेटतात. शतकानुशतकें पाण्याकडे तोंड करून असलेलें हें गांव आतां घाटाकडे वळलें. एक मार्ग १८५६ सालीं खोपोलीस गेला व १८६३ सालीं बोरघाट खुला झाला. दुसरा १८६१ सालीं कसाऱ्यास व १८६५ सालीं इगतपुरीस पोंचला. घाटांच्या कामांत पटकीनें व अपघातांनीं हजारों मजूर दगावले. बर्कलेहि १८६२ सालीं निवर्तला. घाट पुरा झालेला पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

पुढें १९१६ सालीं पारसिकच्या लांब बोगद्यानें मुंब्र्याच्या वळणाला दुसरी वाट काढून दिली. भातखाचरांतल्या डोंबिवलीचें शहर झालें तेंहि ह्याच रुळांच्या आधारानें. ठाण्यास पहिलेपणाचा मान मिळाला, तो रास्तच आहे. तथापि ज्या कार्यासाठीं लोहमार्ग हवा होता, त्या कार्यास आरंभ खाडीपलीकडच्या बारा मैलांनीं झाला, ह्याची आठवण असावी.