गोल्फचे मैदान आणि गावचे गायरान

श्रोतेहो, मुंबईत गोल्फचा क्लब १८४२ साली निघाला. पण या खेळाचे माहेर स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज. तिथले जुने मैदान मुळात कुणी कागदावर आखलेले नाही. समुद्रकाठची ती रेताड, गावाची सामायिक जमीन. आपल्या उमापूरकडच्या गायरानासारखीच. मेंढरे वाऱ्याच्या आडोशाला बसून जे खड्डे पडले, तेच खेळातले अडथळे झाले, असे सांगतात. चेंडू घालवायच्या २२ खळग्यांचा फेरा १७६४ साली १८ वर आणला. तीच संख्या पुढे जगाने उचलली.

१७९७ साली नगरसभेचे दिवाळे वाजले, आणि मैदान सशांची पैदास करणाऱ्यांच्या हाती गेले. गावकरी कोर्टात भांडले. अखेर १८९४ साली कायदा होऊन ते परत मिळाले. सामायिक जमीन जायला एक सही पुरते, यायला शंभर वर्षे लागतात, एवढे ध्यानी ठेवावे.