उतारा कुणाच्या हातात?

(म्हैसूरला लागून असलेल्या बोगादीत, शिक्षणासाठी आलेल्या मराठी विद्यार्थ्यांपुढे केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



सुरुवातीलाच एक विचारतो. तुम्ही कुणी सोलापूरचे, कुणी नांदेडचे, कुणी बिदर-बेळगावचे. बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. गावी थोडीफार जमीन आहे, निदान होती असं ऐकलंय, अशांनी हात वर करा. बरेच आहेत. आता त्या जमिनीचा उतारा स्वतः वाचलेल्यांनीच हात वर ठेवा.

तीन. लाजू नका. तुमच्या वयात माझाही हात खाली गेला असता, आणि त्याची किंमत माझ्या बापानं मोजली. आज तेच सांगायला उभा आहे.

माझं गाव निपाणीजवळ. १९५६ पर्यंत आम्ही मुंबई राज्यात, नंतर म्हैसूर राज्यात. गावाच्या कडेला आमच्या भावकीचा हाडोळा होता, म्हणजे महारकीची वतनी जमीन. वतन हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो. पाटलाचं वतन वेगळं आणि आपलं वेगळं. आपल्या वतनात तुकडाभर जमिनीच्या बदल्यात घरादारानं रात्रंदिवस सरकारची आणि गावाची पडेल ती कामं करायची. वर १८७४ च्या वतन कायद्यानं जमीन बांधलेली. सरकारच्या मंजुरीवाचून वतनदाराला ती आपल्या हयातीपलीकडे परक्याच्या हवाली करता येत नसे. म्हणजे जमीन आपली, राबणं आपलं, आणि मंजुरी साहेबाची.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. जोखड जावं, पण जमीन राहावी, हा त्याचा गाभा होता. वतनदाराला पूर्ण सारा भरून चाकरीतून मोकळं होता यावं आणि जमीन त्याच्याकडेच राहावी. १९२९ मध्ये त्यांना ते विधेयक मागं घ्यावं लागलं. कोल्हापूर संस्थानात मात्र शाहू महाराजांनी १९१८ मध्येच महार वतनं बंद करून जमिनी रयतावा केल्या होत्या. आमचं गाव संस्थानात नव्हतं. आम्हाला चाळीस वर्षांहून जास्त थांबावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही राज्यांत कायदे झाले. महाराष्ट्रात १९५८ चा कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा, १ ऑगस्ट १९५९ पासून लागू. इकडे १९६१ चा ग्रामहुद्दे रद्द करणारा कायदा, १९६३ पासून लागू. दोन्हींत वतन गेलं, आणि ठरलेली रक्कम भरल्यावर जमीन जुन्या वतनदाराला परत मिळाली. माझ्या वडिलांनी ती रक्कम भरली होती. पावती होती. जमीन आमची झाली होती.

पण वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. जमीन शेजारचा एक शेतकरी वाट्यानं करायचा. कागद नाही, साक्षीदार नाही. सुगीला दोन पोती जोंधळा दारात यायचा. वडील पोत्यावर हात थापटून म्हणायचे, "आपल्या रानातला हाय." ते त्यांचं सातबारा-पुस्तक.

१९७४ मध्ये कर्नाटकात कूळकायदा कडक झाला. कसेल त्याची जमीन. कुळांनी फॉर्म नंबर सात भरायचा, न्यायाधिकरणापुढं सुनावणी व्हायची. मोठ्या जमीनदारांविरुद्धचा हा कायदा, आणि चांगला कायदा. आमच्याही कितीतरी माणसांना त्यानं जमीन दिली. पण कायद्याला जमीनदाराची जात दिसत नव्हती, एकर दिसत नव्हते. शेजाऱ्यानं फॉर्म सात भरला. नोटीस आली, कन्नडमध्ये. मी मराठी शाळेतला. तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. अक्षर लावत लावत वाचली आणि वडिलांना सांगितलं, "साहेब विचारतील, जमीन कोण करतं. खरं असेल ते सांगा."

वडिलांनी खरं सांगितलं. "तो करतो, आणि मला दरवर्षी दोन पोती देतो."

झालं. दोन पोती म्हणजे खंड. खंड म्हणजे कूळ. कूळ म्हणजे मालक. वडिलांच्या समजुतीत जो मालकीचा पुरावा होता, तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला. पीकपाण्याच्या रकान्यात कित्येक वर्षं शेजाऱ्याचं नाव लागत होतं. आमच्यापैकी कुणी तो रकाना कधी पाहिलाच नव्हता. मी त्या कचेरीला दोष देत नाही. तिनं समोर आलेला कागद वाचला. घरात वाचणारा मी होतो, आणि मी वाचला नव्हता.

आता दुसरी बाजू. माझी आत्या कराड तालुक्यात दिली होती. तिच्या सासरचा हाडोळा आजही शाबूत आहे. का? महाराष्ट्राच्या कायद्यानुसार परत मिळालेली वतनी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय कुणाला देता येत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन. दोनदा गावातल्या बड्या लोकांनी मुद्रांकाच्या कागदावर अंगठे घेऊन जमीन गिळायचा प्रयत्न केला. कायद्यापुढं तो कागद टिकला नाही. कुलूप होतं म्हणून घर वाचलं.

पण त्याच घरात राहता येत नव्हतं. आत्याच्या मुलांना जमीन रीतसर, लेखी, काही वर्षांच्या करारानं एकाला द्यायची होती. अर्ज केला. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिली. वर्षं गेली. शेवटी जमीन तोंडीच दिली. ऊस लावणाऱ्यानं लावला, कारखान्याला नोंद त्याच्या नावानं, पिकाची नोंद त्याच्या नावानं, आणि आत्याच्या हातात तो देईल ती रक्कम. परवानगीची अट आत्याला आडवी आली, त्याला नाही.

म्हणून आपल्यातली काही पोरं म्हणतात, "हे वर्ग दोन काढून टाका. आम्ही लहान आहोत का?" त्यांचा राग मला समजतो. दुसरे म्हणतात, "कुलूप काढलंत तर पाच वर्षांत एक गुंठा उरणार नाही." तेही खरं. इथं बोगादीत जिथं शेतं होती तिथं लेआउट पडलेले तुम्ही रोज बघता. शहर जवळ आलं की गावकडेच्या रानाला पहिला भाव येतो, आणि आपली रानं गावकडेलाच असतात. मला वाटतं भांडण कुलूप हवं की नको याचं नाहीच. किल्ली कुणाच्या कमरेला आणि वही कुणाच्या फडताळात, हे भांडण आहे.

हाच प्रश्न अमेरिकेतल्या नवाहो लोकांनी कसा हाताळला ते ऐका. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या तीन राज्यांत त्यांचा प्रदेश पसरला आहे. १८६८ चा त्यांचा अमेरिकेशी करार आहे. जमीन त्यांची, पण कागदोपत्री अमेरिकी सरकार विश्वस्त. परक्याला विकता येत नाही. भाडेपट्टा द्यायचा तर सरकारी खात्याची मंजुरी हवी, आणि पट्ट्यांच्या, हक्कांच्या नोंदीही त्याच खात्याकडं.

विश्वस्तानं काय केलं? १९६४ मध्ये पीबडी या कोळसा कंपनीला पट्टा दिला गेला. टनामागं जास्तीत जास्त साडेसदतीस सेंट. वीस वर्षांनी दर वाढवायची सोय होती. १९८४ मध्ये खात्याच्या अधिकाऱ्यानं तो किमतीच्या वीस टक्के ठरवला. कंपनीनं अपील केलं, आणि तिचा माणूस थेट मंत्र्याला जाऊन भेटला. नवाहोंना याचा पत्ता नव्हता. निकाल थांबवला गेला, आणि शेवटी नवाहोंनी साडेबारा टक्क्यांवर तडजोड केली. त्याच मंत्र्यानं तिला मंजुरी दिली. ते कोर्टात गेले. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारकडून भरपाई मिळणार नाही.

यावर नवाहोंनी "विश्वस्त नको, जमीन मोकळी करा" असं म्हटलं नाही. जमीन विक्रीबाहेरच ठेवली आणि सहीचा अधिकार मागितला. २००० साली अमेरिकेच्या संसदेनं खास त्यांच्यासाठी कायदा केला. नवाहोंनी आधी स्वतःचे नियम करायचे, ते एकदा मंजूर झाले की पुढं प्रत्येक पट्ट्यासाठी सरकारच्या दारात जायचं नाही. शेती-व्यापाराचा पट्टा पंचवीस वर्षांचा, दोनदा वाढवता येणारा. खनिजांचे पट्टे यातून वगळलेले. नियम लिहायला, नोंदी आपल्या हातात घ्यायला त्यांना पुढं कित्येक वर्षं लागली. २०१२ मध्ये तीच वाट इतर जमातींनाही खुली झाली.

त्या कायद्यातलं एक कलम मात्र विसरू नका. जमातीनं स्वतः दिलेल्या पट्ट्यात नुकसान झालं, तर अमेरिकी सरकार जबाबदार नाही. अधिकार आला की चूकही आपली. कारकून आपला, वही आपली, घोटाळा झाला तर तोही आपला.

आपण नवाहो नाही, हेही समजून घेऊ. त्यांचं स्वतःचं सरकार आहे, आपली भावकी म्हणजे सरकार नव्हे. पण आपल्याकडंही असं घडलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा. हक्क गावाचा आणि पावतीपुस्तक खात्याचं! गाव अडून बसलं. २७ एप्रिल २०११ रोजी ते परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्या दिवशी त्यांनी नवं जंगल मिळवलं नाही, पुस्तक मिळवलं. त्याआधी कित्येक वर्षं त्या गावात अभ्यासगट चालत होते, लोक कायदे वाचत होते.

आपली मागणी अशी असावी: विक्रीवरचं बंधन राहू द्या. पण लेखी, मुदतीच्या पट्ट्याचा निर्णय वतनदारांच्या सभेकडं द्या, ठरलेल्या नियमांत. नोंद करताना त्या सभेला कळवल्याशिवाय पिकाच्या रकान्यात परकं नाव चढवू नका. इकडं कर्नाटकात तर काम आणखी मोठं आहे. दलित-आदिवासींना सरकारनं दिलेल्या जमिनी वाचवणारा १९७८ चा कायदा आहे. परतीच्या अर्जाला मुदतीची आडकाठी नको म्हणून २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पण त्याच कायद्यातली 'दिलेल्या जमिनीची' व्याख्या वाचा. वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली मिळालेल्या जमिनी त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे आमचा हाडोळा त्या छत्राखाली येतच नाही. मला हे साठी ओलांडल्यावर कळलं.

मागणी मान्य होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काय आहे? सातबारा काढा, इकडं पहाणी काढा. फेरफार काढा, कारण नाव कधी आणि कशाच्या आधारावर बदललं ते तिथं असतं. महाराष्ट्रात तलाठ्याकडं गाव नमुना एक-क मागा, वर्ग दोनच्या जमिनी त्यात असतात. कुणी नाही म्हटलं तर २००५ चा माहिती अधिकार आहे. मग एक साधी वही करा. गट क्रमांक, क्षेत्र, कुणाकुणाचे हिस्से, कोण करतं, काय देतं. तिची प्रत भावकीतल्या प्रत्येक घरात ठेवा. बहिणींच्या घरीसुद्धा, कारण वारस त्याही आहेत. ज्यांना जमीनच नाही त्यांनी गावच्या गायरानाची नोंद वाचावी. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लोक याच जमिनीसाठी तुरुंगात गेले.

वडील १९९२ मध्ये गेले. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. उलट गावात सांगत, "माझा पोरगा बी.ए. हाय." ते ऐकताना मान खाली जायची.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा प्रत्येकानं आपला उतारा घेऊन यायचं. कन्नड असेल तर मी बसून वाचून देईन, आता मला येतं.

जयभीम.