प्लॅस्टिकचा कचरा आणि व्यापाऱ्याचे दायित्व

(व्यापारी व लघुउद्योजक यांच्यासमोर दिलेले भाषण)



२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. शहर जलमय झाले आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. अभूतपूर्व पाऊस, समुद्राची भरती आणि मिठी नदीचे आक्रसलेले पात्र ही कारणे तर होतीच. परंतु पाण्याच्या वाटा अडविणाऱ्या वस्तूंमध्ये पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्याही होत्या. यांतील बहुतेक पिशव्या कोणत्या ना कोणत्या दुकानातूनच ग्राहकाच्या हाती गेलेल्या होत्या. म्हणून या कचऱ्याचा विचार नाल्याच्या काठावर सुरू करून भागत नाही. तो दुकानाच्या गल्ल्यापाशी आणि कारखान्याच्या गोदामातच सुरू व्हावयास हवा.

प्लॅस्टिक ही काही मुळातच त्याज्य वस्तू नव्हे. ते हलके आहे, टिकाऊ आहे, ओलाव्यास दाद देत नाही. दूध, औषधे, बियाणे व खते सुस्थितीत दूरवर पोहोचतात, त्यात या पदार्थाचा वाटा मोठा आहे. मात्र वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू पाच-दहा मिनिटांच्या कामासाठी वापरून टाकून द्यावयाची, ही रीत परवडणारी नाही.

वजनाचे गणित

पातळ पिशवी इतकी उपद्रवी का ठरते, हे साध्या हिशेबाने समजते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. ३० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर लांब अशी पिशवी २० मायक्रॉन जाडीची असेल, तर तिचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम भरते. अशा पिशव्यांचा एक किलो जमविण्यास सव्वादोनशेच्या आसपास पिशव्या वेचाव्या लागतात. तीच पिशवी १२० मायक्रॉन जाडीची असली तर सुमारे ३८ पिशव्यांत किलो भरतो. भंगार वजनावर विकले जाते. ज्या वस्तूचे वजन भरत नाही तिच्यासाठी कोणी वाकत नाही आणि ती अखेर नाल्यात जाते. पिशवीच्या जाडीबाबत नियम करण्यामागील एक महत्त्वाचे कारण हेच होय.

मिसळले की मातीमोल

सर्व प्लॅस्टिक एक नसते. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक अंक असतो, तो तिची जात सांगतो. पाण्याच्या बाटल्या १ क्रमांकाच्या, म्हणजे पेटच्या असतात. कॅन व पिंपे बहुधा २ क्रमांकाची असतात. मालावर गुंडाळलेला प्लॅस्टिकचा मऊ कागद बहुधा ४ क्रमांकाचा आणि विणलेल्या गोण्या ५ क्रमांकाच्या असतात. ३ क्रमांक पीव्हीसीचा.

एकाच जातीचे स्वच्छ प्लॅस्टिक असेल, तर त्याचे तुकडे करून, धुऊन, वाळवून व वितळवून पुन्हा दाणा काढता येतो. पेटच्या बाटलीपासून धागा निघतो. परंतु पेटमध्ये थोडे जरी पीव्हीसी मिसळले, तरी वितळण्याच्या उष्णतेत ते कुजून आम्लवायू सोडते आणि सगळा घाणा नासतो. तेल, चहा वा उष्टे अन्न लागलेल्या प्लॅस्टिकलाही भाव येत नाही. सकाळी विकण्याजोगे असलेले प्लॅस्टिक संध्याकाळी कचरा ठरते, ते केवळ एकाच डब्यात टाकल्यामुळे.

काही वेष्टने मात्र जन्मतःच मिसळलेली असतात. वेफर्स व मसाल्यांच्या पुष्कळशा चकचकीत पुड्यांत निरनिराळ्या प्लॅस्टिकचे, कधी ॲल्युमिनियमचेही थर एकमेकांस चिकटविलेले असतात. ते वेगळे करणे दुष्कर असते. अशा पुड्या सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळता येतात. परंतु त्यास पुनर्वापर म्हणता येत नाही. तेव्हा शक्य तेथे एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे वेष्टन निवडणे हे उद्योजकाच्या हाती आहे.

भंगार वेचणारे हात

या व्यवसायाचा भार वाहणारी माणसे सहसा नजरेआड राहतात. मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंड भागातील कामगारांनी कित्येक दशके शहराचे प्लॅस्टिक निवडले आहे. तुकडा मोडताना होणाऱ्या आवाजावरून वा जळताना येणाऱ्या वासावरून त्याची जात ओळखण्याचे ज्ञान त्यांनी अनुभवाने मिळविले. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. दुकानातून निघणारा माल ओला व कुजका असेल, तर त्यातील प्रत्येक तुकडा कोणास तरी हाताने उपसावा लागतो. त्यात फुटकी काच असते, वापरलेली सुई असते. वर्गीकरण ही नियमाइतकीच माणुसकीचीही बाब आहे.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्राने २००६ मध्ये पिशव्यांची किमान जाडी ५० मायक्रॉन ठरविली. पुढे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्या तसेच थर्माकोलची ताटे, पेले इत्यादींवर बंदी घालण्यात आली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिने कारावास अशी शिक्षा ठरली. केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकावर तो वेगळा ठेवण्याची जबाबदारी टाकली. उत्पादक, आयातदार व नाममुद्रेचे मालक यांच्यावर आपली वेष्टने परत गोळा करण्याचे दायित्वही आले. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. प्लॅस्टिकचे चमचे व नळ्या तीत आल्या, तसे मिठाईच्या खोक्यावरील पातळ वेष्टनही आले.

गोदामापासून आरंभ

प्रत्यक्षात करावयाचे ते फार अवघड नाही. गोदामात तीन वेगळ्या गोण्या टांगाव्यात: एकीत प्लॅस्टिकचा कागद, दुसरीत बाटल्या व कॅन, तिसरीत गोण्या व खोकी बांधण्याच्या पट्ट्या. वस्तू कोरडी करूनच गोणीत टाकावी. प्लॅस्टिक कधीही जाळू नये. पीव्हीसी जळताना विषारी वायू सुटतात. रसायनांचे रिकामे कॅन मात्र कोणत्याही परिस्थितीत साध्या भंगारात विकू नयेत. असा कॅन एखाद्या घरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरला जाण्याचा धोका असतो. घातक कचऱ्याच्या नियमांनुसार त्याची वेगळी व्यवस्था करावी लागते. मोठ्या प्रमाणावर माल देताना पुनर्प्रक्रिया करणारा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेला आहे काय, हे पाहावे आणि दिलेल्या वजनाची पावती जपून ठेवावी.

लहान दुकानदार एकट्याने पुरेसे वजन जमवू शकत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु एका बाजारपेठेतील वीस-पंचवीस दुकानदारांनी मिळून आठवड्याचा एक वार ठरविला, तर भंगारवाला आपण होऊन दाराशी येईल. पावसाळ्यापूर्वी नाले उपसण्यास जो पैसा लागतो, तो याच दुकानदारांनी भरलेल्या करातूनही जातो; आणि पाणी तुंबले की प्रथम भिजतो तो त्यांच्याच दुकानातील माल. व्यापारी संघांनी पुढचा पावसाळा येण्याची वाट न पाहता हा वार आजच ठरवावा.