एका ‘फिक्स’ची गोष्ट
(मंडळाच्या सांस्कृतिक संध्येत केलेले भाषण)



मी काही भाषातज्ज्ञ नाही. आपल्यापैकी अनेकांसारखाच बंगळुरात सॉफ्टवेअरवर पोट भरणारा माणूस. आमच्या ऑफिसात सकाळपासून एकच शब्द कानावर पडतो, ‘फिक्स’. हा बग फिक्स करा, तो बग फिक्स करा. फिक्स म्हणजे दुरुस्त.

सातारा जिल्ह्यातले आमचे घर गळत होते. मी धाकट्या भावाला फोनवर म्हणालो, “पावसाळ्याआधी घराचं फिक्स करून टाक. पैशाचं नंतर बघू.” आता गावाकडे फिक्स म्हणजे पक्के. लग्नाची तारीख फिक्स, सौदा फिक्स. घराला एक गिऱ्हाईक आधीच मागे लागले होते. भावाने इसार घेतला!

मी भडकलो. तो म्हणाला, “दादा, तूच सांगितलंस ना?” दोन महिने आमचे बोलणे बंद. शेवटी आईने दोघांनाही फोनवर घेतले. “कौलं शाकारायची आहेत की घर विकायचंय, ते मराठीत बोला.” इसार परत केला, घर शाकारले.

मग मी शब्दकोश उघडला. फिक्सचे मूळ लॅटिन, अर्थ घट्ट रोवणे. म्हणून ठरावीक मुदतीची ठेव फिक्स्ड डिपॉझिट. फोटो धुताना चित्र कायम करणारे द्रावण फिक्सर. निकाल आधीच ठरवणे म्हणजे 2000 साली गाजलेले मॅच-फिक्सिंग. अडचणीत सापडणे हेही ‘फिक्स’मध्ये असणे! दुरुस्तीचा अर्थ अमेरिकेत रुळला आणि तिथून आमच्या ऑफिसात आला. म्हणजे मीही बरोबर होतो आणि भाऊही.

आपल्याकडे मात्र कापड रफू करतात, चप्पल शिवतात, भांड्याला डाग देतात, भिंतीची डागडुजी करतात, घर शाकारतात. काय बिघडले आहे ते क्रियापदच सांगते.

आपण सारे घरापासून दूर राहणारे. आपले निम्मे घर फोनवरच चालते. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, तेव्हा शब्दावरच सगळा भार असतो. म्हणून आता मी गावी फोन करताना ‘फिक्स’ म्हणत नाही. भाऊ मात्र अजून फोन उचलताच विचारतो, “काय दादा, आज काय फिक्स करायचं?”